बाहेरून काय काय दिसतंय? छोट्या संस्थेच्या इंटरनेटवरच्या वस्तूंवर नजर ठेवायची माझी पद्धत

रत्नागिरी आणि आसपासच्या काही छोट्या संस्थांचं कॉम्प्युटरचं काम माझ्याकडे आहे. काजूचा कारखाना, आंब्याचे व्यापारी, एक पतसंस्था, एक कॉलेज, मालवणकडचे काही होमस्टे. यांतल्या कुणाकडेही सिक्युरिटीसाठी वेगळा माणूस नाही आणि नसणारच. बाहेरून हल्ला करता येईल असं आपलं काय काय उघडं आहे ते दाखवणारी, 'अटॅक सरफेस मॅनेजमेंट' या नावाने विकली जाणारी महागडी सॉफ्टवेअरं त्यांच्या खिशाला झेपणारी नाहीत. पण उघडी यंत्रं शोधत इंटरनेट चाळणारे प्रोग्राम, म्हणजे स्कॅनर, मोठी कंपनी आणि झाडगावातलं दोन खोल्यांचं ऑफिस असा भेद करत नाहीत. इंटरनेटवरच्या यंत्राला जो आकडी पत्ता (आयपी) असतो, त्याच्या आयपीव्ही४ या जुन्या प्रकारातले पत्ते सगळे मिळून ४३० कोटींच्या आत आहेत. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये झेडमॅप नावाचं साधन काढलं, तेव्हाच एका पोर्टसाठी (पोर्ट म्हणजे यंत्राचं एक क्रमांकाचं दार) हे सगळे पत्ते पाऊण तासात तपासता येत होते. त्यामुळे 'आम्हाला कोण विचारतंय' हे वाक्य मी हल्ली कुणाला पुरं करू देत नाही.

आमच्याकडे उघडं सापडतं ते बहुतेक वेळा कुणीतरी एका हंगामापुरतं उभं केलेलं आणि नंतर कुणीच न उतरवलेलं असतं. आंब्याच्या ऑर्डरची साइट फेब्रुवारीत उभी राहते, मार्च ते मे धावते आणि पहिल्या पावसाबरोबर सगळे तिला विसरतात. ती मात्र चालूच असते. आत गिऱ्हाइकांची नावं, पत्ते, फोन नंबर, आणि अपडेटचं तोंड न बघितलेलं वर्डप्रेस, म्हणजे साइट चालवणारं सॉफ्टवेअर. म्हणून खालची पद्धत साधनांपासून सुरू होत नाही.

आधी वही

वही म्हणजे खरोखरची वही, नाहीतर एक्सेलची शीट. रकाने असे: काय आहे, नाव किंवा आयपी, कुठे चालतं, कुणी उभं केलं, बिल कोण भरतं, मुदत कधी संपते, आणि कधी उतरवायचं. शेवटचा रकाना रिकामा सोडू नका. हंगामी गोष्ट असेल तर '१५ जून' अशी तारीखच लिहा.

वही भरायची सुरुवात हिशेबनीसाच्या टेबलापासून करा. मागच्या तीन वर्षांची बिलं काढायला लावा: डोमेनचं (साइटच्या नावाचं) नूतनीकरण, होस्टिंग (साइट ठेवायच्या जागेचं भाडं), ब्रॉडबँड, सीसीटीव्हीची एएमसी (वार्षिक देखभाल), बल्क एसएमएस, कुठल्याशा क्लाउडचं डॉलरमधलं बिल. ज्याचे पैसे जातात ते कुठेतरी जिवंत आहे. यातून निघणारी यादी कुठल्याही स्कॅनरला सापडणार नाही, कारण डोमेन मालकाच्या नावावर, होस्टिंग डिझाइनरच्या नावावर आणि ब्रॉडबँड शेजारच्या गाळ्याच्या नावावर, असा प्रकार सर्रास असतो.

मग माणसांना विचारा. "ती साइट होय? ती पुतण्यानं केलीन. तो आता पुण्याला असतो." हे उत्तर इतक्यांदा ऐकलंय की वहीत मी 'पुतण्या' असा वेगळा शेराच ठेवलाय. त्याला फोन करा. डोमेन कुठल्या ईमेलवर नोंदलं आहे, पासवर्ड कुणाकडे आहे, त्या खात्याला दोन टप्प्यांचं लॉगिन आहे का, आपोआप नूतनीकरण चालू आहे का, हे विचारून घ्या. मुदत संपलेलं डोमेन दुसऱ्या कुणी घेतलं, की त्या नावावर येणारी ईमेलं त्याला मिळतात. बँकेच्या नाहीतर जीएसटीच्या खात्याला तोच ईमेल जोडलेला असेल, तर पुढचं सांगायला नको.

जाता जाता सहकारी बँकांबद्दल. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' वर जायला सांगितलं होतं. पतसंस्था बँक नाही, तिला हे लागू नाही. पण जी बँक नव्या नावावर गेली, तिचं जुनं डोमेन वहीतून खोडायचं नाही. लोकांच्या मोबाइलमध्ये जुना पत्ता साठवलेला असतो, आणि ते नाव मोकळं झालं की खोटी साइट उभी करायला आयतं मिळतं.

नावं शोधणं

आता इंटरनेटला विचारायचं. सीआरटी डॉट एसएच ही साइट उघडा आणि आपलं डोमेन टाका. एचटीटीपीएससाठी, म्हणजे साइटच्या सुरक्षित जोडणीसाठी, जारी होणारी प्रमाणपत्रं सार्वजनिक नोंदवह्यांमध्ये लिहिली जातात. क्रोमने २०१८ पासून नव्या प्रमाणपत्रांसाठी ते सक्तीचंच केलं. म्हणजे तुमच्या डिझाइनरने 'टेस्ट' किंवा 'डेमो' नावाचं सबडोमेन (डोमेनच्या आधी जोडलेलं उपनाव) काढून त्याला फुकटचं प्रमाणपत्र लावलं, की ते नाव थोड्याच वेळात सगळ्या जगाला वाचता येतं. ही नोंदवही पाहणारे लोक रात्रंदिवस बसलेले असतात. 'कुणाला लिंक दिलीच नाही' हा युक्तिवाद इथे संपतो.

यादीत काय दिसेल? सीपॅनेल, वेबमेल, वेबडिस्क, ऑटोडिस्कव्हर ही नावं दिसली तर घाबरू नका. सीपॅनेल या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या होस्टिंगमध्ये ती आपोआप येतात. लक्ष द्यायचं ते 'ओल्ड', 'डेमो', 'ऑर्डर२०२१', 'अ‍ॅडमिशन', 'बॅकअप' अशा नावांकडे. प्रत्येक नाव ब्राउझरमध्ये उघडा. उघडलं तर वहीत आहे का बघा. नसेल तर आजचं काम तेच.

ही यादी पुरी नसते. सगळ्या सबडोमेनना मिळून एकच, म्हणजे वाइल्डकार्ड, प्रमाणपत्र लावलं असेल तर वेगवेगळी नावं तिथे दिसणार नाहीत. म्हणून डीएनएस (कुठलं नाव कुठल्या यंत्राकडे जातं याची नोंदवही) जिथे आहे तिथे लॉगिन करून सगळ्या नोंदी उतरवून घ्या आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवा. डीएनएसमध्ये सीनेम नोंद (एका नावावरून दुसऱ्या नावाकडे पाठवणारी) असेल आणि ती बंद केलेल्या एखाद्या क्लाउड सेवेकडे बोट दाखवत असेल, तर ती लगेच काढा. बऱ्याच सेवांमध्ये ते मोकळं झालेलं नाव दुसऱ्याला घेता येतं, आणि मग तुमच्याच डोमेनखाली त्याची साइट चालते. पत्ता तुमचा, प्रमाणपत्रही खरं. पतसंस्थेच्या सभासदाने ते ओळखायचं कसं?

सबडोमेन आपोआप शोधायला सबफाइंडर आणि अमास ही दोन फुकट साधनं आहेत. तुमच्या नावाशी मिळतीजुळती नावं कुणी घेतली आहेत का, हे पाहायला डीएनएसट्विस्ट. पतसंस्थेसाठी ते मी चालवते; होमस्टेसाठी चालवत नाही, तिथे त्याचा फारसा उपयोग नाही.

पत्ते, आणि इथल्या विजेचा गोंधळ

ऑफिसच्या ब्रॉडबँडचा आयपी कोणत्या प्रकारचा आहे ते आधी ठरवा. राउटरमध्ये जाऊन वॅन, म्हणजे इंटरनेटच्या, बाजूचा आयपी बघा आणि 'माझा आयपी काय' सांगणाऱ्या एखाद्या साइटवर दिसतो त्याच्याशी ताडून पाहा. दोन्ही एक असतील तर तुम्ही थेट इंटरनेटवर आहात. राउटरमध्ये १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होणारा आयपी दिसला तर कंपनीने तुम्हाला सामाईक पत्त्यामागे, म्हणजे सीजीनॅटमागे ठेवलंय. मग बाहेरून आयपीव्ही४ वर कुणी थेट पोचत नाही.

इथे बरेच जण निर्धास्त होतात. पण त्याच कनेक्शनवर आयपीव्ही६ (पत्त्यांचा नवा प्रकार) चालू असेल, तर ऑफिसातल्या प्रत्येक यंत्राला स्वतःचा जगभर पोचणारा पत्ता मिळालेला असू शकतो. मग सगळी भिस्त बाहेरून येणाऱ्यांना अडवणाऱ्या राउटरच्या आयपीव्ही६ फायरवॉलवर. ती चालू आहे का, हे राउटरच्या पानावर बघा आणि बाहेरून तपासूनही घ्या.

स्थिर आयपी घेतलेला नसेल तर राउटर बंद होऊन चालू झाला की पत्ता बदलू शकतो, आणि आमच्याकडे मे-जूनमध्ये वीज किती वेळा जाते हे सांगायला नको. जुना आयपी लिहून त्याच्यावरच महिनाभर नजर ठेवली, तर दुसऱ्याच कुणाचं ऑफिस तपासत बसाल. ऑफिसातल्या एका कॉम्प्युटरवरून दर तासाला सध्याचा आयपी स्वतःच्या सर्व्हरला कळवणारी छोटी स्क्रिप्ट ठेवली की हा प्रश्न मिटतो.

राउटर जळणं हा त्याहून मोठा विषय. वळवाच्या पावसात वीज पडते, राउटर जातो, केबलवाला दुपारपर्यंत नवा आणून लावतो. त्याचं काम इंटरनेट चालू करण्याचं. नव्या राउटरवर पासवर्ड कंपनीचाच, यूपीएनपी (आतल्या यंत्रांना परस्पर पोर्ट उघडू देणारी सोय) चालू, बाहेरून लॉगिन करायचं पान उघडं. 'कॅमेरे दिसत नाहीत' म्हणून कुणी तक्रार केली असेल तर डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा) सरळ डीएमझेडमध्ये, म्हणजे सगळी पोर्ट इंटरनेटला उघडी, असा टाकलेला. म्हणून माझा नियम असा, की राउटर बदलला त्या दिवशीच बाहेरून तपासणी, महिन्याची तारीख बघत बसायची नाही. पूर आला, सामान वरच्या मजल्यावर हलवलं, दुकान पुन्हा उभं केलं, तरीही तेच. चिपळूणला २२ जुलै २०२१ च्या पुरात काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. तशा घाईत कुठलं पोर्ट उघडलं हे कोण लिहून ठेवणार?

बाहेरून तपासणी

स्कॅन करण्याआधी संस्थेच्या लेटरहेडवर लेखी परवानगी घ्या: कोणते आयपी, कोणती डोमेनं, कोणत्या तारखांना. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ आणि ६६ खाली विनापरवाना प्रवेशाला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. सेक्रेटरी तुमचे मामा असले तरी कागद हवा. आणि शेअर्ड होस्टिंगचा सर्व्हर तुमच्या संस्थेचा नसतो, त्यावर इतरही शेकडो साइट असतात. तिथे फक्त आपल्या साइटपुरतं बघायचं.

स्कॅन ऑफिसच्या वायफायवरून करू नका, आतून दिसणारं चित्र वेगळं असतं. स्वस्त भाड्याचा व्हीपीएस, म्हणजे डेटा सेंटरमधला छोटा सर्व्हर, घ्या. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून एखादं पोर्ट बघता येतं, पण पूर्ण स्कॅनला ते टिकत नाही. साधन एनमॅप, पोर्ट तपासणारा प्रोग्राम; १९९७ पासून आहे आणि अजून त्याला तोड नाही. पहिल्या खेपेला सगळी ६५,५३५ पोर्ट तपासा, पिंगला ('जागा आहेस का' या हाकेला) उत्तर आलं नाही तरी तपास असा पर्याय देऊन. वेळ लागतो, रात्री लावून झोपा.

आता सापडतं काय ते सांगते.

३३८९ म्हणजे विंडोजचं रिमोट डेस्कटॉप. हे उघडं दिसलं तर बाकी सगळं सोडून आधी ते बंद. 'सीए साहेब मुंबईहून टॅली बघतात' हे कारण दहापैकी नऊ वेळा मिळतं. कुणी हुशारीने पोर्ट बदलून ३३९० केलेलं असतं. त्याने काही लपत नाही, कारण स्कॅनर पोर्टचा आकडा बघून थांबत नाही, पलीकडून उत्तर काय येतं तेही वाचतो. सीए साहेबांना वायरगार्ड, म्हणजे ऑफिसात शिरायची कुलूपबंद खाजगी वाट (व्हीपीएन), लावून द्या. ऑफिस सीजीनॅटमागे असेल तर टेलस्केल हे त्याच जातीचं साधन. त्याला राउटरवर एकही पोर्ट उघडावं लागत नाही. पहिल्या दिवशी साहेब कुरकुरतात, आठवड्यात सवय होते.

टॅलीचं स्वतःचं पोर्ट ९००० सुद्धा कधीकधी बाहेर आलेलं दिसतं. ते ऑफिसातल्या प्रोग्रामांनी एकमेकांशी बोलण्यासाठी आहे. ४४५ म्हणजे विंडोजचं फाइल शेअरिंग, ज्यातून मे २०१७ मध्ये फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं वॉनाक्राय जगभर पसरलं. ३३०६ आणि १४३३ हे डेटाबेस. यांतलं एकही इंटरनेटवर असायचं कारण नाही, चर्चा नको.

८२९१ दिसलं तर तो मायक्रोटिक कंपनीचा राउटर, विनबॉक्स या प्रोग्रामने चालवायचा. केबलवाल्यांचा आवडता. २०१८ मध्ये त्यातल्या एका त्रुटीमुळे बाहेरून पासवर्ड काढून घेता येत होते. दुरुस्ती केव्हाच आली आहे, पण राउटर चालतोय तोवर अपडेट कोण करतो! केबलवाल्याशी भांडू नका. चहा पाजा आणि विनबॉक्स फक्त त्याच्या ऑफिसच्या आयपीवरून उघडेल एवढं त्याच्याकडून करून घ्या.

आणि डीव्हीआर. काजूच्या कारखान्यापासून होमस्टेपर्यंत सगळीकडे. ५५४, ८०००, ३७७७७ ही पोर्ट दिसली की समजायचं कॅमेरे बाहेर आहेत. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने असेच कॅमेरे आणि डीव्हीआर कंपनीच्या पासवर्डने ताब्यात घेऊन मोठमोठ्या साइट पाडल्या होत्या. हिकव्हिजन या कॅमेरा कंपनीच्या अनेक मॉडेलमध्ये २०२१ साली पासवर्डशिवाय आदेश चालवता येईल अशी त्रुटी जाहीर झाली. दुरुस्त केलेलं फर्मवेअर (कॅमेऱ्याच्या आतलं सॉफ्टवेअर) आलं, पण छताला टांगलेल्या कॅमेऱ्याचं फर्मवेअर बदलायला शिडी कोण लावतो? राउटरवरचं पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरच्यांना आतल्या यंत्रापर्यंत नेणारी नोंद) काढा, यूपीएनपी बंद करा, पासवर्ड बदला. मालकांना मोबाइलवर बघायचं असतंच, तर त्यांच्या फोनवरही तेच व्हीपीएन टाका. होमस्टेचा कॅमेरा म्हणजे दुसऱ्याच्या बायकापोरांचं अंगण असतं. इथे मी कुणाचं ऐकून घेत नाही.

शोडॅन आणि सेन्सिस या, इंटरनेटवरची उघडी यंत्रं नोंदवून ठेवणाऱ्या, शोधयंत्रांवर आपला आयपी टाकूनही बघा. यांनी आपल्याला आधीच पाहिलेलं असतं. किती तारखेला पाहिलं ते तिथे लिहिलेलं असतं. जुनी नोंद आजची समजू नका. शोडॅनचं एकदाच पैसे भरून मिळणारं सभासदत्व घेतलं की काही आयपींवर नजर ठेवून नवीन काही दिसलं तर ईमेल येण्याची सोय मिळते. छोट्या संस्थेला तेवढं पुरतं. शोधताना शेजारच्या हॉटेलचा उघडा कॅमेरा दिसला, तर लॉगिन करून बघायचा मोह टाळा. फोन करून सांगा.

साइटच्या पोटात

पोर्ट व्यवस्थित असूनही साइटच सगळं सांगत असते. गूगलवर साइटचं नाव देऊन फक्त पीडीएफ आणि एक्सेल फाइली शोधा. कॉलेजांच्या गुणवत्ता यादीत मोबाइल नंबर असतात, शिष्यवृत्तीच्या यादीत बँक खाती. होमस्टेच्या साइटवर पाहुण्यांनी चढवलेले आधारचे फोटो ज्या फोल्डरमध्ये जातात, तो फोल्डर ब्राउझरमध्ये थेट उघडून बघा. फाइलींची यादी दिसली तर सगळ्या जगाला दिसते. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेची वाजवी काळजी घेतली नाही तर २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे. हा आकडा मी मीटिंगमध्ये एकदाच सांगते, पुढे खर्चाला मंजुरी लवकर मिळते.

डिझाइनरने मागे ठेवलेल्या गोष्टीही बघा: डॉट गिट फोल्डर (साइटचा सगळा कोड), डॉट ईएनव्ही फाइल (पासवर्ड), 'बॅकअप डॉट झिप', पीएचपीइन्फोचं पान (सर्व्हरची सगळी माहिती). हे सगळं एकेक करून तपासण्यापेक्षा न्यूक्ली हे आपोआप तपासणारं साधन वापरा, वेग मात्र कमी ठेवून. पूर्ण वेगाने सोडलं तर आपल्याच स्वस्त होस्टिंगची साइट झोपते.

ईमेलचं थोडक्यात: आपल्या नावाने खोटी ईमेलं पाठवणाऱ्यांना अडवायला डीएनएसमध्ये एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क या नोंदी लावा. डीमार्क आधी फक्त अहवालापुरतं, अहवाल स्वच्छ आले की खोटी ईमेलं नाकारण्यावर.

नजर ठेवणं

एकदा तपासलं म्हणजे झालं नाही. व्हीपीएसवर रोज पहाटे क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सोयीतून) सबफाइंडर आणि मोजक्या पोर्टांचा एनमॅप चालतो. आजचा निकाल कालच्याशी ताडायचा आणि फक्त फरक ईमेलने पाठवायचा. पूर्ण अहवाल रोज पाठवलात तर तिसऱ्या दिवसापासून कुणी उघडणार नाही, तुम्हीसुद्धा. काही बदललं नाही तर आठवड्याला 'सगळं जसंच्या तसं' एवढी एक ओळ येऊ द्या, नाहीतर स्क्रिप्ट बंद पडलेली कळणार नाही. सगळ्या पोर्टांचा पूर्ण स्कॅन महिन्यातून एकदा.

प्रमाणपत्रांच्या मुदतीची वेगळी आठवण लावा. फुकट प्रमाणपत्रं देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टने मुदत संपत आल्याची ईमेलं जून २०२५ पासून बंद केली आहेत. शिवाय मुदतच आखूड होत चाललीय: १५ मार्च २०२६ पासून जास्तीत जास्त २०० दिवस, २०२७ पासून १००, २०२९ पासून ४७. हाताने प्रमाणपत्र बदलणाऱ्यांनी आत्ताच ते आपोआप होईल अशी व्यवस्था करावी.

अमेरिकेची सीसा ही सरकारी सायबर सुरक्षा संस्था प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरल्या गेलेल्या त्रुटींची यादी २०२१ पासून चालवते. तिच्यात नवं काही आलं की वहीतल्या उपकरणांशी ताडा. जगातल्या सगळ्या त्रुटी वाचत बसायला आपल्याकडे वेळ नाही.

खरंच कुणी आत शिरल्याचं दिसलं तर यंत्र नेटवर्कपासून तोडा, पण फॉरमॅट मारू नका, लॉग (कधी काय घडलं त्याच्या नोंदी) जातात. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे अशी घटना कळल्यापासून सहा तासांत त्यांना कळवायची असते आणि लॉग १८० दिवस ठेवायचे असतात. सहा तास फार पटकन जातात, म्हणून कोण कळवणार त्याचं नाव वहीच्या पहिल्या पानावर. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

जूनमधली उतरवणी

'कधी उतरवायचं' या रकान्यातली तारीख आली की क्रम पाळा. आधी ऑर्डरचा डेटा उतरवून पेनड्राइव्हवर कुलपात ठेवा. मग डीएनएसमधली नोंद काढा. त्यानंतरच होस्टिंग किंवा क्लाउडची सेवा बंद करा. उलट केलंत तर वर सांगितलेली लोंबकळणारी नोंद मागे राहते. पेमेंट गेटवेच्या आणि एसएमएसच्या चाव्या, म्हणजे साइटने त्या सेवा वापरायचे गुप्त कोड, रद्द करा. हंगामासाठी म्हणून वेगळं डोमेन घेतलं असेल तर ते लगेच सोडू नका, आणखी दोन-तीन वर्षं नूतनीकरण करत राहा. पेट्यांवर छापलेला पत्ता लोकांच्या घरी असतो आणि पुढच्या मार्चमध्ये ते तोच टाकून बघतात.